बारीबुवाच्या टोकावरून काय दिसतं

परत आल्यापासून मला सगळे एकच विचारतात, बारीबुवाच्या टोकावरून काय दिसतं? मोताळ्याच्या आठवडी बाजारात लसूण निवडताना विचारतात, न्हाव्याकडे अर्धी दाढी झाल्यावर विचारतात. प्रश्न वाजवी आहे. बारीबुवा म्हणजे अंबाबरवा अभयारण्याच्या पार आतलं, सातपुड्याचं एक टोक. तिथं एरवी कुणाला जाता येत नाही. महाशिवरात्रीच्या आसपास थोडे दिवस पूजेपुरती परवानगी मिळते, तीही दिवस मावळायच्या आत बाहेर येण्याच्या अटीवर. आमच्या गल्लीतलं कुणी तिकडे गेलेलं नाही. मी गेलो. टोकावर माझे दोन्ही पाय टेकले, याला साक्षीदार आहे. तरीसुद्धा तिथून काय दिसतं ते मला सांगता येत नाही, आणि का येत नाही हे सांगायला वेळ लागतो. बाजारात तेवढा वेळ नसतो, म्हणून लिहायला बसलो.

आधी माझ्याबद्दल. मी जन्माचा काळजीखोर. शाळेच्या कार्यालयात कारकुनी केली, आणि अर्धी नोकरी कुलूप नीट लागलं की नाही ते बघायला वाटेतून परत जाण्यात गेली. मागच्या वर्षी पोळ्यानंतर छातीत कळ आली. अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत जाळी बसवली. आमच्याकडे तिला स्प्रिंग म्हणतात. तेव्हापासून माझ्या काळजीला हक्काचं घर मिळालं. पुण्याच्या मुलीनं मनगटावर बांधायचं एक घड्याळ पाठवलं, त्यात छातीचे ठोके दिसतात. बिचारीनं बापाला धीर यावा म्हणून पाठवलं, पण मी त्यात वेळ सोडून बाकी सगळं बघायला लागलो. जिन्यात थांबून आकडा बघायचा, वाढलेला दिसला की घाबरायचं, आणि घाबरलं की तो आणखी वाढायचा. डॉक्टर म्हणाले, आता ठणठणीत आहात, फिरा, चढा. मी रोज सकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत जायचो आणि परत यायचो. दवाखान्याच्या पुढे जायची माझी छाती होत नव्हती. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, साखरेचा त्रास आहे. डॉक्टर तिलाही चालायला सांगतात. पण तिला चल म्हटलं की म्हणायची, "मले घरातलं चालनं काय कमी हाय?"

संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं त्या संध्याकाळी वाणाच्या वाट्या आवरताना ती म्हणाली, "तुमाले बारीबुवाले जा लागते."

"काऊन?"

"नवस हाय. तुमी आत होते, काचेच्या पल्याड, तवा बोलली होती मी. म्हटलं, बुवा, याईले धडधाकट घरी येऊ दे, याईच्या पायानं तुह्या टोकावर आनते."

"अन मले इचारलं काऊन नाई?"

"तुमी शुद्धीत कोठी होते? अन इचाराचं नसतेच. फेडाची येळ येत नाई तोवर ज्याच्यासाठी बोलला त्याले सांगत नाईत. रीत हाय आमच्याकडची."

सुमनचं माहेर संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. मला त्या क्षणी तिच्या श्रद्धेपेक्षा तिच्या निवडीचा राग आला. मोताळ्यात रस्त्याला लागून मारुती आहे, एक पायरी चढायची नाही. तेहतीस कोटी देव असताना हिला डोंगराच्या टोकावरचाच सापडावा! पण नवस म्हटल्यावर वाद घालायलाही मी घाबरतो. न फेडला तर काय होईल, ही नवी काळजी आली, आणि जुनीच्या शेजारी नीट बसली.

पूर्णेच्या पलीकडे

नांदुऱ्याला थेट जाणारी गाडी चुकली. मलकापूरवरून फिरून जाणारी मिळाली, त्यामुळे वडनेर भोलजीसुद्धा पाहून झालं. पाहून झालं म्हणजे काय, सुमन खिडकीतून शेतं बघत होती आणि मी दवाखान्यांच्या पाट्या. कुठल्या गावात डॉक्टर बसतो, कुठं नुसतं मेडिकल आहे, कुठं रुग्णवाहिका उभी दिसते, याचा हिशेब मी मनात ठेवत चाललो होतो. पूर्णा नदी ओलांडली तशा पाट्या विरळ झाल्या. दोन्ही बाजूला सपाट काळी जमीन. हरभरा निघालेला, गहू पिवळा पडत चाललेला, आणि पार उत्तरेला आकाशाच्या तळाशी निळसर रेघ ओढलेली.

"थो पाहा सातपुडा," सुमन म्हणाली. माहेरचा डोंगर दिसला की तिचा आवाज बदलतो. माझा हात घड्याळाकडे गेला.

मध्ये एका फाट्यावर चहा घेतला. तो भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरी खाऱ्या, बोअर खारे, चहासुद्धा खारट लागतो. आमच्या मोताळ्याकडे पाणी कमी असतं, पण गोड असतं. इथं उलट कथा. मी पहिला घोट घेतला आणि मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं, मीठ जपून. मी कप खाली ठेवला.

हॉटेलवाले चाचा बघत होते. "क्या हुआ साहेब, जमला नाही का चहा?"

"पाणी खारं हाय ना. मले बीपीचा त्रास."

"आमचे वडील नव्वदीले टेकले होते हेच पाणी पिऊन," चाचा म्हणाले, आणि कपाकडे बघत थोडं थांबून म्हणाले, "आता ते गेले, ते वेगळी गोष्ट."

सुमन इतकी हसली की तिला ठसका लागला. तिनं माझाही चहा पिऊन टाकला.

सासुरवाडी

पायथ्याच्या गावांत पाणी पुन्हा गोड होतं. सासूबाई दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायला उभ्या होत्या. मेहुणा वसंता, म्हणजे सुमनचा धाकटा भाऊ, यानं परवानगीचा कागद आधीच आणून ठेवला होता. शिवरात्रीच्या दिवशी गर्दी असते, गर्दीत जीव घाबरतो, म्हणून मीच आठवडाभर आधीचा दिवस मागितला होता. वसंता म्हणाला, "भाऊजी, गर्दीत हिंमत राह्यते. उद्या आपल्याबिगर वाटेले कोनी राह्यनार नाई." मला ते तोवर सुचलंच नव्हतं.

जेवायला बसलो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "उद्या वांगं खाईन माही लेक."

मी विचारलं, उद्याच का, आज का नाही?

सगळे सुमनकडे बघायला लागले. नवस बोलणाऱ्यानं तो फिटेपर्यंत आपल्या आवडीची एक गोष्ट सोडायची, ही तिकडची आणखी एक रीत. तिनं वांगं सोडलं होतं. वऱ्हाडात हिवाळ्यात वांगं सोडायचं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. आमच्या घरी त्या थंडीत किती वेळा भरीत झालं, किती वेळा भरली वांगी झाली. तिनं केली, मला वाढली, आणि मी चाटूनपुसून खाल्ली. ती माझ्यानंतर जेवते. तिच्या ताटात काय असतं ते मी कधी बघितलं नव्हतं. माझं लक्ष मनगटाकडे. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी तिला सांगितलंसुद्धा.

"वांगंच होतं ना," ती म्हणाली. "जीव तं नव्हता सोडला."

पहाटे आवारात गोवऱ्यांचा हार, म्हणजे रचलेली रास, पेटला. नवसाला रोडगे लागतात. जाड्या पिठाचे घट्ट गोळे निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात कालवायचे, सोबत वांग्याची भाजी. आमच्या बाजूलाही हेच असतं. फरक इतका, की पूर्वी इथली माणसं पीठ आणि गोवऱ्या डोक्यावर घेऊन टोकावर जात आणि तिथं भाजत. आता अभयारण्यात काडी ओढायला बंदी आहे, म्हणून रोडगे खालीच भाजून न्यायचे. मात्र खायचे वरच, आणि उरले तर घरी आणायचे नाहीत.

मला चहा, पोहे, माझ्या गोळ्या, सगळं वेळेवर मिळालं. सुमनची साखरेची गोळी राहील म्हणून मीच तिच्या मागे लागलो. ती रोडगे मोजत होती, "घेते" म्हणाली. तिच्या "घेते"वर माझा विश्वास नाही. मी पाण्याचा गडवा घेऊन समोर उभा राहिलो आणि तिनं गोळी गिळल्यावरच हललो. गोळीच्या बाबतीत मी असा चोख. तिनं काही खाल्लं का, हे विचारायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. बायका खाऊन घेतात मागून, असं आपण धरून चालतो.

गेटपासून वर

अभयारण्याच्या गेटवर सामान तपासलं. प्लास्टिक आत न्यायचं नाही. माझ्या पिशवीतून बिस्किटांचे पुडे निघाले, ग्लुकोजची पाकिटं निघाली, पाण्याच्या बाटल्या निघाल्या. मी आठवडाभर विचार करून भरलेली पिशवी गेटवरच्या टेबलावर रिकामी झाली. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायच्या गोळ्या तेवढ्या कागदात बांधून खिशात घेतल्या. पाणी वसंतानं आणलेल्या पितळी कळशीतून स्टीलच्या फिरकीच्या तांब्यात भरलं. आमच्यासोबत वनरक्षक म्हणून तरुण मॅडम होत्या, हातात काठी, खांद्याला डब्याची कापडी पिशवी.

"वाघ आहे का हो इथं?" मी विचारलं.

"आहे ना काका. पण वाघाचं टेन्शन घेऊ नका. वाघ आपली वाट सोडून देते. अस्वल ऐकत नाही."

यानं मला काय दिलासा मिळाला असेल ते तुम्हीच ठरवा. थोडं पुढे वाटेकाठी एक वारूळ उकरलेलं दिसलं, माती ताजी, ओली. मॅडमनी काठीनं माती ढकलली, आजूबाजूला पाहिलं, आणि "रात्रीचं असेल" म्हणाल्या. मी घड्याळात पाहिलं. आकडा बराच वर गेला होता.

जंगल तसं मोकळं होतं. सागाची पानं झडून वाटेवर पसरलेली, पाय पडला की पापडासारखी मोडायची. पळस नुकता लाल व्हायला लागलेला. कुठंतरी मोर ओरडला. सुमनच्या पायात साध्या चपला, पण ती चढत होती ती लहानपणी चढल्यासारखी. मला वाटलं होतं तिनं हे टोक दहादा पाहिलं असेल. विचारलं तर म्हणाली, "नाई हो. नवसाबिगर चढत नाईत. आमच्या घरात कोनाचा नवसच नव्हता आजलोक. लहान होती तवा मले लय वाटे, का वरून आपलं घर दिसत असन काय? बाबाले इचारे. बाबा म्हने, मले का मालूम, मी कोठी गेलो?"

इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो. पण तेव्हा मला आपण अजून किती चढायचं आहे याचीच धास्ती होती. मी दर वळणावर थांबायचो. दगडावर बसायचो, घड्याळ बघायचो, आकडा उतरेपर्यंत उठायचो नाही. वसंता डोक्यावर रोडग्यांचं गाठोडं घेऊन उभ्या उभ्या कंटाळला. शेवटी म्हणाला, "मी वर जाऊन जागा झाडून ठिवतो. तुमी या सावकाश." मॅडम नको म्हणत होत्या, पण तो तिथलाच माणूस. खाण्याचं गाठोडं, नैवेद्याचा गूळ, सगळं घेऊन तो पुढे गेला. मध्ये मध्ये त्याची हाक यायची, मग तीही ऐकू येईनाशी झाली.

सकाळी ऊन कोवळं होतं, ते आता चटके देऊ लागलं. सुमन दोनदा म्हणाली, "चला ना, बसू नका जास्त." तिच्या चिडण्याचं कारण मला आळस वाटला, माझा. मी म्हटलं, "मले काही झालं मंग?"

झाडी संपली आणि गवताचा शेवटचा उभा चढ समोर आला. वर टोक दिसत नव्हतं, नुसता डोंगराचा खांदा दिसत होता. मी पुन्हा बसलो. सुमन माझ्या शेजारी बसली, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "अवो, दुधाचं भांडं गॅसवर राह्यलं."

मी म्हटलं, "कोनतं दूध?"

"उतू जाऊन राह्यलं ना. उठा. बंद करा."

माझ्या आयुष्यात गॅसची काळजी मी करतो, ती नव्हे. मी तिच्याकडे नीट बघितलं. कपाळावरून घामाच्या धारा, ओठ पांढरे, हाताची बोटं थरथरत होती. हात धरला तर थंडगार, ओला. ती मॅडमकडे बघून हसली आणि त्यांना आपल्या मुलीच्या नावानं हाक मारली.

"काकूंनी काय खाल्लं सकाळपासून?" मॅडमनी विचारलं.

मला सांगता येईना. तेव्हा सुमनच अडखळत बोलली. "घास... याईच्या हातचा. बुवाले गूय ठिवला का मंग."

तिथं मला रीतीचा उरलेला भाग कळला. ज्याच्यासाठी नवस, त्यानं वर जाऊन आपल्या हातानं गूळ ठेवायचा, आणि त्यातला पहिला घास बोलणाऱ्याच्या तोंडात घालायचा. त्या दिवशी तोवर बोलणाऱ्यानं पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही. म्हणजे ती कालच्या रात्रीपासून उपाशी, आणि साखर उतरवायची गोळी मी समोर उभं राहून तिला गिळायला लावली होती. आणि मग सकाळभर प्रत्येक वळणावर बसून तिचा उपास मीच लांबवत आणला होता.

मॅडमनी आपल्या डब्यातली भाकर काढली. सुमननं दात घट्ट मिटले. मी ओरडलो, विनवणी केली, तोंड उघड म्हटलं. ती मान हलवत राहिली, आणि ती मानसुद्धा आता नीट हलत नव्हती. वसंताला हाका मारल्या. वरून वारा येत होता, आमच्या हाका आमच्याच तोंडावर परत येत होत्या. मॅडमच्या फोनला रेंज नव्हती. त्यांनी सुमनला खांद्याशी टेकवून धरलं होतं. "गोड पाहिजे काका, लवकर. तुम्ही धरा यांना, मी जाते," असं त्या म्हणाल्या, पण तोवर मी निघालो होतो.

मला ती मरेल असं वाटलं. दुसरं काहीही वाटलं नाही.

तो चढ मी कसा चढलो ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. मुरुमावरून पाय सुटला, गुडघ्यावर पडलो, पँट फाटली. गवताच्या बुडख्यांना धरून, हातापायांवर, लहान पोरासारखा. तोंडानं मी तिचं नाव घेत होतो की देवाचं, ते ठाऊक नाही. खांद्यावर आलो तर पुढे आणखी चढ. तोही चढलो.

वर शेंदूर फासलेला एक दगड होता, त्याच्याजवळ पळसाच्या पानावर गुळाचा खडा, आणि हातात डहाळ्यांचा झाडू घेतलेला वसंता.

"आले भाऊजी!" तो खुशीत म्हणाला.

मी वाकलो, पानावरचा गूळ उचलला आणि वळलो.

"अवो, अवो भाऊजी! देवाचा हाय थो!"

उचललेला गूळ मी परत दगडाला टेकवला की नाही, यावर आमच्या घरात आजही वाद आहे. टेकवला असं मला वाटतं. वसंता नाही म्हणतो. एवढं खरं, की मी हात जोडले नाहीत आणि मान वर करून कुठं पाहिलंही नाही. "सुमन पडली," एवढं ओरडून मी उतरायला लागलो. उतरताना, गूळ मुठीत घट्ट धरून, मी त्या दगडाशी एक गोष्ट बोललो. ती नंतर सांगतो.

सुमनचे डोळे अर्धे मिटले होते. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो. गुळावर दोन मुंग्या होत्या, त्या पुसल्या.

"तुमच्या हातानं ठिवला?" तिनं विचारलं. इतक्या खालच्या आवाजात, की मॅडमना ऐकू गेलं नसेल.

"ठिवला."

"खरं?"

"तुही शपथ."

तेव्हा तिनं तोंड उघडलं. मी गुळाचा तुकडा जिभेवर ठेवला, मग दुसरा, मग वरून पाणी. मॅडमनी तिची पाठ चोळली. मी बघत राहिलो. आधी थरथर थांबली, मग ओठांना रंग आला, आणि बऱ्याच वेळानं तिनं आजूबाजूला बघून विचारलं, "तुमची पँट कायनं फाटली?"

मी रडलो. बायकोसमोर, वसंतासमोर, गार्ड मॅडमसमोर, लाज न बाळगता.

खाली

तिला आता वर जायचं होतं. "इथलोक आली ना मी. एवढुसंच तं राह्यलं," ती म्हणत होती. मॅडमनी स्पष्ट नाही म्हटलं. दिवस कलला होता आणि काकूंना उतरायलाच जोर लागणार होता. मॅडमचं बरोबर होतं. सुमननं एकदा वर पाहिलं आणि ऐकलं.

रोडगे वसंता खाली घेऊन आला. त्या चढाच्या पायथ्याशी, सागाच्या विरळ सावलीत बसून आम्ही चौघांनी ते खाल्ले. उरवायचे नव्हते म्हणून खाल्ले, आणि भूक होती म्हणूनही. सुमननं वांग्याची भाजी तीनदा घेतली. मी या खेपेला तिच्या ताटाकडे बघत होतो.

उतरताना ती माझ्या दंडाला धरून चालत होती. वाटेत हळूच म्हणाली, "अवो, तिथून दिसते काय आपलं घर?"

मी काय सांगणार? दिसतं म्हणालो असतो तर चाललं असतं. एक खोटी शपथ त्या दिवशी घेऊन झालीच होती, किंवा नव्हती, तो वाद आहेच. पण हे तिनं लहानपणापासून विचारलेलं होतं. मी म्हटलं, "मी पाह्यलंच नाई, सुमन." तिनं माझा दंड मात्र सोडला नाही.

गेटवर माझी पिशवी परत मिळाली, ग्लुकोजसकट. सही करताना मनगट मोकळं दिसलं. घड्याळ कुठंतरी त्या शेवटच्या चढावर पडलं होतं, आणि ते नाही हे मला तिथंच, टेबलासमोर, पहिल्यांदा कळलं. वर पळताना माझे ठोके किती झाले होते हे आता कुणालाच कळणार नाही. मुलगी फोनवर चिडली. दुसरं पाठवते म्हणाली. मी नको म्हटलं.

घरी पोचताच वसंतानं सासूबाईंकडे तक्रार केली, "भाऊजीनं देवाम्होरचा गूय उचलला अन पयाले."

सासूबाई सुमनच्या तोंडावरून हात फिरवत होत्या. म्हणाल्या, "उचलला तं उचलला. कोनासाठी उचलला? माह्या लेकीसाठीच ना? बुवाले डोये नाईत काय?"

नवस फिटला, असं त्यांनी ठरवलं. गावानंही मानलं.

आता ती राहिलेली गोष्ट. उतरताना मी त्या दगडाला म्हणालो होतो, बुवा, हिला उठव, पुढच्या साली हिच्या पायानं तुझ्या टोकावर आणतो. मी फारसा देवभोळा नाही. पण बोललो ते बोललो, आणि बोललो म्हणजे रीत सगळी आली. ज्याच्यासाठी बोललो त्याला सांगायचं नाही, म्हणून सुमनला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण मी लिहिलेलं ती वाचत नाही. "तुमचं बोलनंच काय कमी हाय" म्हणते. तरी ही एक काळजी आता आहेच.

होळीच्या सुमारास तिनं चुलीवर वांगी भाजून भरीत केलं. मला वाढायला आली. मी ताटावर हात आडवा धरला.

"काऊन? वांग्यानं काय घोडं मारलं?"

"डॉक्टर नाई म्हने."

"कोनता डॉक्टर?"

मला चटकन नाव सुचलं नाही. सुमन भरताचं पातेलं हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि माझ्यासाठी दह्याची वाटी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला निघालो, तर ती उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. मुलीचे जुने बूट, पांढरे, लुगड्याखाली विचित्र दिसत होते.

"काय पाहून राह्यले? चला," ती म्हणाली.

कोपऱ्यावरचा दवाखाना आला आणि मागे पडला. ती थांबली नाही, आणि मीही.